आजोबांची फियाट ठेवायची की काढायची?

घर रायपूरच्या शंकर नगरातलं धरा. पोर्चमध्ये ताडपत्रीखाली एक क्रीम रंगाची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. घरात तिला पद्मिनी कुणीच म्हणत नाही, सगळ्यांच्या तोंडी 'फियाट'. नंबर अजून 'एमपी'चा, कारण गाडी आली तेव्हा छत्तीसगड राज्य व्हायचं होतं. ते झालं १ नोव्हेंबर २००० रोजी. आजोबा आता नाहीत. आजी म्हणतात, राहू दे. सूनबाई म्हणतात, पोर्च मोकळा करा. आणि ज्यांनी निर्णय घ्यायचा ते चिरंजीव दर रविवारी बॅटरीला चार्जर लावतात आणि विषय पुढच्या रविवारवर ढकलतात.

अशी घरं नागपुरात आहेत, पुण्यात आहेत, इंदुरातही आहेत. प्रश्न भावनेचा वाटतो. पण त्यातला निम्मा भाग कागदाचा, पत्र्याचा आणि मेकॅनिकचा आहे, आणि तो सुटला तर भावनेचा भाग आपोआप सोपा होतो.

ही गाडी मुळात इटलीची, पण वाढली मुंबईत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार व्हायची. आधीच्या गोलमटोल गाडीला लोक प्रेमानं 'डुक्कर फियाट' म्हणत. १९६४ साली चौकोनी 'डिलाइट' आली आणि तिचंच नाव पुढे 'पद्मिनी' झालं. नवं शतक उजाडताना उत्पादन थांबलं. त्याच १९६४ साली लालबहादूर शास्त्रींनी फियाट घेतली, १२ हजारांची. त्यासाठी देशाच्या पंतप्रधानांनी पंजाब नॅशनल बँकेकडून ५ हजारांचं कर्ज काढलं होतं! मध्यमवर्गाला ही गाडी आपली का वाटली, ते यावरून कळावं.

आता जुनी गाडी रोजच्या वापरात ठेवणं हा काही आपल्याकडचाच हट्ट नाही. स्वीडनच्या व्होल्वोची २४० ही खोक्यासारखी गाडी १९७४ ते १९९३ एवढा काळ निघत होती. तिकडे आजही काही कुटुंबं ती शोधून घेतात आणि मुलांना शाळेत सोडायला नेतात. कारण साधं आहे. यंत्र उघडं-सरळ, सुटे भाग मिळतात, आणि ती हाताळणारी माणसं आहेत. आपल्या रस्त्यांवर ती व्होल्वो दिसणं कठीण, कारण कंपनीनं भारतात मोटारी विकायला सुरुवात केली तीच २००७ साली. आपल्याकडे ती जागा फियाट आणि अँबॅसडरची.

तर पहिलं काम ताडपत्री काढण्याचं नाही, आरसी बुक काढण्याचं. त्यावर नाव कुणाचं? बहुतेक घरांत आजोबांचंच निघतं. मालकाच्या निधनानंतर ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची, असा नियम आहे. घरोघरी हे राहून जातं. मग एखादा अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न नावाचाच विचारते. दुसरी नोंद पाहायची कर्जाची. चाळीस वर्षांपूर्वी फिटलेलं कर्ज पुस्तकात तसंच लिहिलेलं असतं, आणि ती बँक दुसऱ्या बँकेत विलीनही झालेली असते. ना-हरकत दाखला मिळवून ती नोंद खोडल्याशिवाय पुढचं काही हलत नाही.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. यासाठी गाडी तपासणीला उभी करावी लागते. ही फी एप्रिल २०२२ पासून ५ हजार झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी १० हजार. उशीर केला तर महिन्याला ५०० रुपये वेगळे. म्हणजे 'बघू पुढच्या रविवारी' म्हणणाऱ्यांचं मीटर चालूच आहे. पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं केलेली मनाई दिल्ली परिसरापुरती होती. रायपूरकरांनी त्या बातमीनं घाबरून गाडी भंगारात काढायचं कारण नाही.

"पण आपली व्हिंटेज नाही का होणार?" हा प्रश्न घरातला कुणीतरी हमखास विचारतो. जुलै २०२१ च्या नियमांनुसार गाडी ५० वर्षांवरची आणि मूळ रूपातली हवी, फी २० हजार, नोंदणी दहा वर्षांची. १९७५ च्या आतबाहेरची गाडी त्यात बसेल, १९८५ ची नाही. शिवाय अट अशी की ती रोज वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात कार्यक्रमाला जायचं असेल, तर व्हिंटेजची पाटी उपयोगाची नाही, साधं नूतनीकरणच बरं.

कागद जमले की मग पत्रा. लोक बॉनेट उघडून इंजिन ऐकत बसतात. खरं तर १०८९ सीसीचं ते इंजिन या गाडीचा सर्वात माफ करणारा भाग. निळा धूर आला, ऑइल खाऊ लागली, तरी ते उघडून बांधता येतं. गंजाचं तसं नाही. पायपुसणी उचलून फरशी पाहा, दारांखालचा पत्रा, डिकीचा तळ, बॅटरीखालचा ट्रे, मागचे पाटे जिथे बॉडीला अडकतात ती जागा. स्क्रू ड्रायव्हरनं टोचून पाहायला संकोच करू नका. वरून नवा रंग चकाकत असेल तर जास्तच टोचा. पाट्यांच्या जागी पत्रा कुजला असेल, तर खर्चाचा अंदाज मागण्याआधी मन घट्ट करावं.

इंजिन चांगलं असलं तरी रायपूरचा मे महिना आहेच. इंजिनाच्या अंगावरच्या छोट्या पंपातलं पेट्रोल गरमीनं वाफ होतं आणि तेलीबांधा तलावापाशी, भर ट्रॅफिकमध्ये, गाडी गप्प बसते. जुन्या चालकांचा त्यावरचा उपाय सगळ्यांना माहीत आहे: पंपावर ओलं फडकं आणि दहा मिनिटं धीर. तो आजही चालतो. पण वारंवार असं होत असेल तर रेडिएटर साफ करून घ्या, फॅन बेल्ट आणि वॉटर पंप पाहा.

नवा त्रास मात्र आजोबांच्या वेळी नव्हता. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल जुनं रबर फुगवतं आणि कुजवतं, हवेतलं पाणी ओढतं आणि टाकीतला गंज सुटा करतं. पेट्रोलच्या जुन्या नळ्या, पंपातला पडदा, कार्बोरेटरचे वायसर हे सगळं इथेनॉल सोसणाऱ्या मालाचं बदलून घ्यावं. गळलेलं पेट्रोल गरम इंजिनावर पडणं हा थट्टेचा विषय नव्हे. आणि गाडी महिनोन्‌महिने टाकी भरून उभी ठेवू नये. आठवड्यातून दोनदा चालणारी फियाट, झाकून ठेवलेल्या फियाटपेक्षा कमी बिघडते.

आता सूनबाईंची बाजू. त्या पोर्चबद्दल बोलतात, पण मनात मुलांची काळजी असते, आणि ती रास्त आहे. तीन ठिकाणी अडकणारा सीट बेल्ट व्होल्वोच्या नील्स बोलिन यांनी १९५९ सालीच आणला. आपल्या बहुतेक पद्मिनींना मागे पट्टा नाही, एअरबॅग नाही, ब्रेक ड्रमचे. पट्टे मागाहून बसवता येतात, पण ज्या पत्र्यात ते अडकवायचे तो धड असला तरच. म्हणून नागपूरचा महामार्ग या गाडीनं गाठू नये. भाजी, बँक, स्टेशन, लग्नाचं बोलावणं, एवढ्यासाठी ती आजही पुरेशी आहे. आजींना तर उंच गाडीपेक्षा हिच्यात बसणं सोपं जातं.

शेवटी माणूस. कार्बोरेटर कानानं जुळवणारा मिस्त्री गावात आहे का? मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती काळी-पिवळी रस्त्यावरून गेली. त्या टॅक्सींच्या जिवावर सुटे भाग आणि कारागीर दोन्ही टिकून होते. कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून भाग अजून मागवता येतील, मिस्त्री कुरियरनं येत नाही. तो साठीच्या पुढचा असेल आणि हाताखाली कुणी नसेल, तर चिरंजीवांनी काही रविवार चार्जर सोडून त्याच्याजवळ बसावं, निदान प्लग, पॉइंट आणि कार्बोरेटरची सफाई शिकून घ्यावी. तेवढी हौस नसेल तर गाडी काढलेली बरी.

काढायची ठरली, तर सरकारमान्य भंगार केंद्रात दिल्यावर मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या खाजगी गाडीच्या रोड टॅक्समध्ये २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. एखाद्या हौशी माणसाला द्यायची असेल तर आजी जास्त खूश होतील. फक्त किल्ली देण्याआधी नाव बदलून घ्या. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं एका निकालात स्पष्ट केलं आहे, की गाडी कितीही हातांतून पुढे गेलेली असो, नुकसानभरपाईसाठी जबाबदार धरला जातो तो पुस्तकावर नाव असलेला मालक.