आमिष या शब्दावरील अन्याय

मराठीत काही शब्द केवळ आरोप करण्यापुरते उरले आहेत. 'आमिष' हा त्यांपैकी एक. वर्तमानपत्रांत आमिष दिसते ते नोकरीचे, लग्नाचे, दामदुपटीचे किंवा निवडणुकीतल्या पैशाचे. ललित लेखनात गळ दिसतो तो कोणीतरी कोणाला फसवण्यासाठी टाकलेला. 'गळाला लागणे' हा वाक्प्रचार तर व्याकरणाच्या पुस्तकातून निघून थेट गुन्हेवृत्तात जाऊन बसला आहे. या सर्व प्रयोगांत मासा नाही, पाणी नाही, आणि पाण्याकाठी काठी धरून बसलेला माणूस तर नाहीच नाही. शब्दाचा अर्थविस्तार व्हावा हा भाषेचा स्वभावच आहे. त्याविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती अशी की, लक्ष्यार्थाच्या नादात वाच्यार्थामागचे एक अखंड ज्ञान मराठीच्या अभ्यासातून हद्दपार झाले आणि कोणाला त्याची खंतही वाटली नाही.

हे लिहिण्यास एक निमित्त घडले. तापीकाठच्या एका भोई कुटुंबातील विद्यार्थ्याने एम. ए.च्या लघुप्रबंधासाठी विषय सुचवला होता : गळाने मासे धरणाऱ्यांची शब्दसंपत्ती, आणि त्यातही विशेषतः आमिषाची निवड. ज्यांच्यासमोर हा विषय गेला, त्या विद्वानांनी दोन आक्षेप घेतले. पहिला, हा विषय प्राणिशास्त्राचा आहे. दुसरा, यात साहित्य कोठे आहे? विद्यार्थी निमूटपणे एका ग्रामीण कादंबरीतील व्यक्तिचित्रणाकडे वळला. ज्या कादंबरीवर आजवर पुष्कळ लिहून झाले आहे तिच्यावर आणखी एक प्रबंध झाला, आणि ज्याविषयी कोणीच लिहिलेले नाही ते तसेच राहिले. हे दोन्ही आक्षेप मराठी विभागांतून सर्रास ऐकू येतात, म्हणून त्यांचा समाचार घेणे आम्हांस आवश्यक वाटते.

प्रथम, आमिष निवडणे म्हणजे काय, हे पाहू. कटल्याचा जबडा वरच्या दिशेला वळलेला असतो, तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात चरतो. मृगळाचे तोंड खाली वळलेले, तो तळाशी खातो. म्हणजे कणकेचा गोळा तोच असला तरी तो किती खोल सोडायचा, शिसे किती लावायचे, हे माशाच्या तोंडाची ठेवण ठरवते. मरळीला मात्र कणीक दाखवून उपयोग नाही. ती शिकारी जात. तिला बेडूक हवा, लहान मासा हवा, आणि तोही हलणारा. मरळ हवा घेण्यासाठी वर येते, पिलांची राखण करते, आणि त्या दिवसांत ती भुकेपेक्षा रागानेच झडप घालते. गढूळ पाण्यात डोळे निकामी होतात. तेथे वास किंवा पाण्यातली थरथर काम करते. प्रकाशे आणि सारंगखेडा येथील बॅरेजांमागच्या संथ पाण्यातले शहाणपण वाहत्या धारेत चालत नाही. एवढे सगळे जाणून माणूस गळाला काय लावायचे ते ठरवतो. यात फसवणूक आहे, हे खरे. पण ज्याला फसवायचे त्याचा असा बारीक अभ्यास किती समीक्षक आपल्या लेखकाचा करतात?

आता पहिला आक्षेप. हा विषय प्राणिशास्त्राचा आहे म्हणे. मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला 'मानसोल्लास' ऊर्फ 'अभिलषितार्थचिंतामणी' हे नाव पाठ असते. कल्याणीच्या चालुक्यवंशीय तिसऱ्या सोमेश्वराचा हा ग्रंथ, शके १०५१चा. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख त्यात आहे, म्हणून तो वाङ्मयेतिहासात येतो. प्रश्नपत्रिकेत दोन गुणांना विचारला जातो आणि विसरला जातो. याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे, हे वर्गात कोणी सांगत नाही. माशांच्या जाती, कोणत्या जातीला कोणते खाद्य घालावे, तिला काठाशी कसे आणावे, दोर आणि गळ कसा असावा, असा सगळा विचार तेथे एका राजाने केला आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेने हा ग्रंथ छापला. बडोदे शहाद्याहून फार दूर नाही. या प्रकरणावर १९५१ साली लेख लिहिला तो सुंदरलाल होरा यांनी, आणि ते होते मत्स्यशास्त्रज्ञ! आम्ही ज्या विषयाला प्राणिशास्त्राचा रस्ता दाखवतो, त्याच विषयासाठी प्राणिशास्त्रज्ञ पोथीपर्यंत चालत आला. पोथीचे वारस मात्र ओवीच्या एका उल्लेखावर समाधान मानून बसले.

आणखी एक उदाहरण. कर्नल विल्यम हेन्री साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. नव्या जातींना नावे देताना त्याने येथल्या मासेमारांच्या तोंडची नावेच आपल्या कानाला लागली तशी उचलली : खुदरी, कोलूस, फुलंगी, रोहटी. ही नावे आजही जगभरच्या शास्त्रीय ग्रंथांत त्याच्या नावासह छापली जातात. मराठी मासेमाराचा शब्द लंडनच्या विद्वत्सभेत पोहोचला, पण मराठी विभागाच्या दारात त्याला 'हे आमचे खाते नव्हे' असे सांगितले जाते. शब्दांचा अभ्यास हे आमचे खाते नसेल, तर मग आमचे खाते कोणते?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर : यात साहित्य कोठे आहे? हेमिंग्वेची १९५२ सालची म्हाताऱ्या कोळ्याची लघुकादंबरी पु. ल. देशपांडे यांनी 'एका कोळियाने' या नावाने मराठीत आणली. ती वर्गात चर्चेला येते तेव्हा मानवी जिद्द, पराभवातला विजय, प्रतीकयोजना वगैरे बोलले जाते. पण तो म्हातारा पहाटे समुद्रात काय करतो? चार दोर चार खोलींवर सोडतो : ४०, ७५, १०० आणि १२५ वाव. आमिषाच्या माशात गळाचा दांडा शिवून लपवतो आणि उघडा राहिलेला भाग ताज्या तारल्यांनी झाकतो. दोर सरळ उभा राहील याची काळजी घेतो, म्हणजे अंधाऱ्या पाण्यातही आमिष नेमके ठरवलेल्या जागी असेल. नशिबापेक्षा अचूकपणा बरा, ही त्याची नीती या कामातून येते. ही पाने ओलांडून 'जिद्दी'कडे धावणारा वाचक कादंबरीचा कणाच सोडून देतो. ज्याला आमिषाची भाषा कळत नाही, त्याला तो म्हातारा केवळ हट्टी वाटेल.

इंग्रजीत आयझॅक वॉल्टनचे गळाच्या मासेमारीवरचे पुस्तक १६५३ साली निघाले आणि ते आजही साहित्य म्हणून वाचले जाते. १६७६च्या आवृत्तीत चार्ल्स कॉटनने बनावटी माशीने मासे धरण्यावर स्वतंत्र भाग जोडला. अमेरिकेत तर बास या एका माशासाठी बनावटी आमिषांचे कितीतरी प्रकार आणि प्रत्येकाला नाव आहे. आपल्याकडे कोकणात 'गरी' आणि 'गरवणे' असे नेटके शब्द आहेत. नायलॉनच्या दोऱ्याला 'तंगूस' म्हणतात. पण खरे खाद्य आणि त्याचे सोंग घेतलेले लाकूड, पत्रा वा रबर, या दोहोंसाठी प्रमाण मराठीत एकच शब्द, तोही बदनाम. वस्तुतः हा भेद साहित्याच्या विद्यार्थ्याने कान टवकारावा असा आहे. खऱ्या आमिषाला वास असतो, चव असते. ते स्वतःच काम करते. बनावटी आमिषाला यांतले बहुधा काहीच नसते. त्याला जीव येतो तो हाताच्या चालीतून : ओढ, थांबा, पुन्हा ओढ. फिनलंडच्या लाउरी रापाला या मासेमाराने १९३६ साली बुचाचे लाकूड कोरून बनावटी मासा केला, तो मोठे मासे कळपातल्या लंगड्या, वेडावाकडा पोहणाऱ्या माशावरच तुटून पडतात हे पाहून. नक्कल करायची ती माशाच्या रूपाची नव्हे, त्याच्या चालीची, हे त्याने ओळखले. अनुकृतीवर ॲरिस्टॉटलपासून व्याख्याने देणाऱ्यांनी हे उदाहरण वर्गात वापरून पाहावे.

कोणी म्हणेल, खानदेशाला बोलीतल्या शब्दांची कदर आहेच, बहिणाबाई आमच्याच. मान्य. १९५२ साली 'बहिणाईची गाणी' प्रसिद्ध झाली आणि शेताचे, जात्याचे, मोटेचे शब्द प्रतिष्ठित झाले. पण ती प्रतिष्ठा नदीपर्यंत पोहोचली नाही. आमच्या ग्रामीणतेच्या कल्पनेत बांध आहे, धार नाही. आणि नदी थांबून राहणार नाही. तापी बॅरेजांत अडली. सरदार सरोवराचे लोकार्पण १७ सप्टेंबर २०१७ रोजी झाले. त्याच्या पाण्याखाली गेलेल्या नर्मदाकाठच्या गावांतील आदिवासी कुटुंबे याआधीच शहादा-तळोदा तालुक्यांच्या सपाटीवर वसवली गेली होती. वाहत्या नर्मदेतल्या डोहांचे आणि खडकांचे ज्ञान घेऊन ही माणसे कापसाच्या आणि उसाच्या शिवारात आली. त्यांच्या मुलांना त्या शब्दांचा उपयोग नाही. नातवंडांना ते ऐकूही येणार नाहीत. आज तापीच्या पुलावर उभा राहून मरळीसाठी रबरी बेडूक फेकणारा तरुण 'फ्रॉग', 'स्पून', 'ल्युअर' म्हणतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. बाजाराने त्याला वस्तूसोबत शब्द दिला, आम्ही काय दिले?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि प्राचीनतेचे उत्सव झाले. प्राचीनता सिद्ध करण्यासाठी मानसोल्लास चालतो. मानसोल्लासात जे लिहिले आहे ते आज करणारा माणूस मात्र अभ्यासाला चालत नाही. ही विसंगती मिटवण्यास फार काही लागत नाही. प्रत्येक नदीकाठच्या महाविद्यालयाने एक वही घालावी : माशाचे स्थानिक नाव, त्याचे आमिष, ऋतू, पाण्याची जात, गळाला लावण्याची रीत, आणि या प्रत्येकासाठी कोळी, भोई, भिल्ल, पावरा यांच्या तोंडचा शब्द, सांगणाऱ्याच्या उच्चारासकट. वाङ्मयेतिहासाच्या तासाला ओवीबरोबर मत्स्यविनोदही सांगावा. ज्या भाषेला आमिष केवळ लाचेपुरते आठवते, तिच्या अभ्यासकांनी नदीकडे पाठ फिरवली आहे असेच म्हणावे लागेल. आणि अशा अभ्यासाला अभिजाततेची झूल कितीही शोभिवंत असली तरी ती झूलच.