अशोकाची साल आणि आपले उत्तरदायित्व

चिकित्सेचे यश वैद्याच्या निदानाइतकेच द्रव्याच्या सत्यतेवर अवलंबून असते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. रक्तप्रदरात आपण अशोकारिष्ट विश्वासाने योजतो. त्यासाठी साल हवी ती सीता-अशोकाची. परंतु बाजारात त्याच नावाने रस्त्याकडेला सरळ उंच वाढणाऱ्या हिरव्या अशोकाची सालही विकली जाते. या दोन वृक्षांचे कुळसुद्धा एक नाही. अशा औषधाने गुण आला नाही, तर रुग्ण साल विकणाऱ्यास नव्हे, आयुर्वेदास दोष देतो.

ही भेसळ केवळ लोभापोटी होते असे मानणे अपुरे ठरेल. मूळ वृक्षच वनात विरळ झाला आहे. बृहत्पंचमुळातील बिल्व, अग्निमंथ, श्योनाक, गंभारी आणि पाटला यांचे मूळ खणणे म्हणजे बहुधा झाडच संपविणे होय. डिंकासाठी प्रमाणाबाहेर चिरा पाडल्याने गुग्गुळाची झाडे वाळतात; आंतरराष्ट्रीय लाल यादीत गुग्गुळ आज अतिसंकटग्रस्त गणला जातो. कॅम्पटोथेसिन या कर्करोगावरील द्रव्याकरिता सह्याद्रीतील नरक्याची झाली ती तोड सर्वश्रुत आहे.

अशा स्थितीत वनस्पती-उद्यानांचे महत्त्व वाढते. अशोकाचे बी फार काळ टिकत नाही, ते ताजे असतानाच पेरावे लागते. म्हणजे धान्याप्रमाणे बी कोठारात ठेवून हा वृक्ष वाचविता येणार नाही. तो जिवंतच राखावा लागेल. आयुर्वेद महाविद्यालयांस वनौषधी उद्यान आवश्यकच असते. परंतु एका जातीचे एक झाड आणि त्यापुढे नावाची पाटी, एवढ्यावर समाधान मानले, तर ते प्रदर्शन होईल, संवर्धन नव्हे. एकाच मातृवृक्षाची संतती एखाद्या रोगास एकदमच बळी पडू शकते. म्हणून कोकण, कोल्हापूरचे घाट, आंबोली अशा निरनिराळ्या ठिकाणांहून आणलेली अनेक रोपे, प्रत्येकाच्या मूळस्थानाच्या नोंदीसह, उद्यानात असावयास हवीत. पुढे त्यांचेच बी शेतकऱ्यांपर्यंत जावे.

यावर काही ज्येष्ठ वैद्य आक्षेप घेतील की, लागवडीच्या वनस्पतीस वनातील वनस्पतीचे वीर्य नसते. हा आक्षेप निराधार नाही. चरकाने कल्पस्थानात नांगर न फिरलेल्या भूमीतील औषधी प्रशस्त मानली आहे. परंतु त्याच ठिकाणी बलवान वृक्षांनी न दडपलेली जागा, योग्य माती आणि योग्य काल यांचाही विचार आहे. अशोक वा श्योनाकासारख्या वृक्षांस दरवर्षी नांगरट लागत नाही. त्यांना वनासारखी परिस्थिती देणे शक्य आहे. शिवाय आज निवड वनातील अशोक की उद्यानातील अशोक, अशी राहिलेली नाही. ती खरा अशोक की खोटा अशोक, अशी आहे.

कायद्यानेही वाट मोकळी केली आहे. जैविक विविधता कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने नोंदणीकृत आयुष वैद्य आणि लागवडीच्या औषधी वनस्पती यांना राज्य मंडळास पूर्वसूचना देण्याच्या अटीतून सूट मिळाली. सवलत मिळाली की कर्तव्यही आले. आमची सूचना अशी की, प्रत्येक फार्मसीने आपल्या सर्वाधिक खपाच्या कल्पातील एक दुर्मिळ जाती दत्तक घ्यावी. तिच्या रोपांचा खर्च जवळच्या उद्यानास द्यावा, आणि शेतकऱ्याशी काही वर्षांचा खरेदीचा करार करावा. कारण सालीयोग्य वृक्ष वाढावयास वर्षे लागतात आणि भावाची हमी नसेल तर कोणी तो लावणार नाही. खरेदी करताना मालाच्या मूळस्थानाची लेखी नोंद मागावी व संशय आल्यास नमुना उद्यानातील खऱ्या झाडाशी ताडून पाहावा. वैद्यांनीही केवळ कमी दर पाहून औषध घेऊ नये.

जनपदोद्ध्वंसाच्या विवेचनात आत्रेयांनी अग्निवेशास, भूमी विरस होण्यापूर्वीच औषधी संग्रहित करण्याचा उपदेश केला आहे. आज संग्रह म्हणजे केवळ वाळलेली साल गोदामात भरणे नव्हे, तर तो वृक्ष जिवंत ठेवणे होय. पुढील पावसाळ्यापूर्वी आपल्या फार्मसीने कोणती जाती निवडली, हे वाचकांनी आम्हांस अवश्य कळवावे.