खणातला दिवा

गाडी घेताना आपण शोरूममध्ये ढीगभर चौकशा करतो. मायलेज विचारतो, स्क्रीन केवढा ते विचारतो, सनरूफ आहे का विचारतो. डाव्या सीटसमोरचा खण उघडल्यावर आत दिवा लागतो का, हे मात्र कोणी विचारत नाही. ते रात्री कळतं.

आम्हाला ते आंबा घाटात कळलं. पावसाळ्याचे दिवस, रात्रीचे साडेदहा, मागच्या सीटवर आई. तिला दम लागला आणि तिचा पंप होता समोरच्या खणात. गाडीची कागदपत्रं, सर्व्हिसचं पुस्तक, टायरची हवा बघायचं मीटर, टोलच्या जुन्या पावत्या, औषधांची पिशवी, सगळं काळोखात एकावर एक. केबिनचा दिवा छताला. त्याचा उजेड झाकणाच्या कडेपर्यंत येतो आणि तिथेच थांबतो. बायकोने मोबाइलचा टॉर्च लावून तो दातांत धरला आणि दोन्ही हातांनी सामान उपसलं. पंप सापडला, आई सावरली. गेला असेल मिनिट-दीड मिनिट, पण तेवढा वेळ तिच्या छातीची घरघर आम्हाला ऐकू येत होती. पुढच्याच रविवारी मी खणात दिवा बसवला.

हा दिवा चैनीची वस्तू नाही, असं माझं ठाम मत आहे. तरी अनेक गाड्यांत तो फक्त वरच्या मॉडेलला मिळतो. खण तोच, झाकण तेच. काही गाड्यांत दिव्याची खाचही साच्यातच असते, नुसती टोपी लावून बुजवलेली. डोरोथी लेव्हिट यांनी ‘द वूमन अँड द कार’ या १९०९ सालच्या पुस्तकात मोटार चालवणाऱ्या बायकांना सीटखालच्या छोट्या खणात हातमोजे आणि हातआरसा ठेवायला सांगितलं होतं. आरसा कशाला, तर अधूनमधून मागचा रस्ता बघायला. म्हणजे रस्त्यावर ऐनवेळी हाताशी लागणाऱ्या वस्तूंची जागा म्हणूनच हा खण पहिल्यापासून आहे. कंपन्यांनी तो अंधारात ठेवू नये.

त्यांनी दिला नाही तर आपण बसवावा. काम दोन तासांचं आहे, मला खर्च तीनशे रुपयांच्या आत आला. बहुतेक छोट्या गाड्यांत खणाच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की अडसर सुटतात आणि अख्खा खण खाली झुलतो. वरच्या ओठाच्या आतल्या बाजूला एलईडी पट्टीचा तुकडा चिकटवायचा. तिथून उजेड सामानावर पडतो, डोळ्यांत जात नाही. १२ व्होल्टच्या या पट्टीत तीन-तीन एलईडी एका माळेत असतात, सोबत एक रेझिस्टर. म्हणून पट्टी तिच्यावर आखलेल्या खुणेवरच कापायची. झाकण मिटलं की दबणारं बटण हा तिचा स्विच. फ्रिजच्या दारात असतो तसाच: दाबलेला असताना बंद, सुटला की चालू.

दिवा इथे एलईडीचाच हवा. ५ वॉटचा जुना बल्ब बंदिस्त प्लास्टिकमध्ये चटका बसेल इतका तापतो आणि चाळीसेक शतांश अँपिअर करंट खातो. बटण अडकून तो आत जळत राहिला तर दिवसाला १० अँपिअर-तास गेले. छोट्या गाडीच्या ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला दोन-तीन दिवसांत सेल्फ मारता येणार नाही. सहा बारीक एलईडींची पट्टी दिवसभर जळली तरी एक अँपिअर-तासाच्या आसपासच खाते.

इथवरचं काम कोणालाही जमेल. खरी कसोटी करंट कुठून आणि कसा घेतला यात आहे, आणि तिथेच आपल्याकडे फार हलगर्जी चालते. खण उतरवला तेव्हा आत मला एक जुना जोड दिसला. गाडी घेतली त्या वर्षी एका दुकानातून स्टिरिओ बसवून घेतला होता, त्याचा. कंपनीची वायर मधेच सोललेली, तिच्याभोवती दुसरी पिळलेली, वरून काळी टेप. उन्हाने टेपचा गोंद पाघळून ती वायरीवरून सरकली होती आणि उघडं तांबं काळवंडून लोखंडी पट्टीपासून बोटभर अंतरावर लोंबत होतं. गाडीची बॉडी म्हणजे बॅटरीची ऋण बाजू. ते तांबं पट्टीला टेकलं असतं तर काय झालं असतं, हे सांगायला नको. चार वर्षं आम्ही त्या जोडासमोर बसून प्रवास करत होतो.

फ्यूज दिव्याला वाचवण्यासाठी नसतो, वायरीला वाचवण्यासाठी असतो. चार्जिंग सॉकेटच्या १५ अँपिअरच्या फ्यूजवर दिव्याची केसासारखी वायर टाकली आणि ती कुठे घासून शॉर्ट झाली, तर फ्यूज उडण्याआधी वायर लाल होते. म्हणून दिव्याला स्वतःचा फ्यूज हवा. २ अँपिअरचा करडा पुरे. आणि तो जिथून करंट घेतला तिथेच हवा. दिव्याजवळ लावला तर मधली सगळी वायर उघडीच राहिली. फ्यूजबॉक्समध्ये खोचायचा दोन फ्यूजचा जोडधारक बाजारात मिळतो. तो घेतला की कंपनीची एकही वायर कापावी लागत नाही. वॉरंटीचा वाद निघाला की पहिलं बोट कापलेल्या वायरीकडेच जातं. आणखी एक: करंट सतत चालू असलेल्या फ्यूजवरूनच घ्यावा. किल्ली फिरवल्याशिवाय न लागणारा दिवा बॅटरी वाचवतो, पण बंद गाडीत काही शोधायची वेळ आली की निरुपयोगी.

डॅशबोर्डच्या मागे पिवळ्या वेष्टनाची वायर किंवा पिवळा कनेक्टर दिसला तर हात मागे घ्या. ती एअरबॅगची वायर. भारतात नव्या मॉडेलना १ एप्रिल २०२१ पासून ड्रायव्हरशेजारच्या सीटलाही एअरबॅग सक्तीची आहे, आणि ती बसते या खणाच्या बरोब्बर वर. तिथे टेस्टर लावायचा नाही, मल्टिमीटरही नाही. मीटरच्या करंटनेसुद्धा ती फुटू शकते. काम सुरू करण्याआधी बॅटरीची ऋण तार सोडवून ठेवावी, हे वेगळं सांगायला नको, पण घाईत तेच राहून जातं.

स्वतः करायची तयारी नसेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, पण गाडी सोडून चहाला जाऊ नका. फ्यूज कुठे टाकला ते विचारा. जोडाला डाख दिला का, वर हीट श्रिंकची नळी चढवली का, ते वाकून बघा. जो कारागीर हे न विचारता दाखवतो त्याला दोन पैसे जास्त द्या. तो त्यांना लायक आहे.

आणि काम झालं की एक तपासणी जरूर करा. मोबाइलवर व्हिडिओ चालू करून तो खणात ठेवा, झाकण लावा, दहापर्यंत मोजा आणि बाहेर काढून बघा. चित्र काळं झालेलं दिसलं पाहिजे. नाही झालं, तर बटणाखाली एक चकती सरकवा आणि पुन्हा तपासा.