'नाही' म्हणा, पण पुढचं सांगा!

आपल्या मेसचे काका महिन्याच्या सुरुवातीला पैसे मागतात. नसले तर "घरून आले नाहीत का?" विचारतात, "बरं, सोयाबीन विकलं की द्या" म्हणतात आणि ताट वाढतात. दर महिन्याची वर्गणी कशी सांभाळावी, हे काकांना कुणी शिकवलं नाही. आता मोबाईलवरच्या वर्गणीचं बघा.

माझ्या रूम पार्टनरची टेस्ट सिरीज गेल्या जानेवारीत अचानक बंद पडली. 'गेट' तोंडावर आलेली. खात्यात पैसे होते, तरी स्क्रीनवर एकच ओळ : 'व्यवहार नाकारला. बँकेशी संपर्क साधा.' पठ्ठ्याने पाठोपाठ सात वेळा प्रयत्न केला. औशात बँकेत गेला तर साहेब म्हणाले, "आमच्याकडून ओके आहे, कंपनीला विचारा." कंपनी म्हणाली, "बँकेला विचारा." सराव बुडाला तो बुडालाच, वर रूममधल्या पोरांचं "पैसे संपले काय रे?" ऐकावं लागलं ते वेगळंच. खरं कारण आजवर कळलेलं नाही.

असं का होतं? कार्डाचा व्यवहार नाकारताना बँक दोन आकडी कोड पाठवते. आयएसओ 8583 या मानकात 51 म्हणजे शिल्लक अपुरी, 54 म्हणजे कार्डाची मुदत संपली. आणि 05 म्हणजे 'डू नॉट ऑनर'. जुने व्यापारी हुंडी 'सकारली नाही' म्हणत, तसंच हे. का सकारली नाही, ते गुलदस्त्यात! व्यवहाराचा संशय असो की बँकेची अंतर्गत मर्यादा, सगळं या एकाच पोत्यात.

बँकेचीही बाजू आहे. चोरलेले कार्ड नंबर चालतात का, हे भामटे अशाच छोट्या व्यवहारांनी तपासतात. त्यांना नेमकं कारण सांगणं म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणं. त्यामुळे कारण न सांगणं एकवेळ मान्य. पण पुढे काय करायचं, तेही सांगू नये?

रिझर्व्ह बँकेचे नियम 1 ऑक्टोबर 2021 पासून लागू झाले, तेव्हा देशभर अनेकांच्या चालू वर्गण्या अडकल्या. पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना, आणि 5 हजारांवरच्या रकमेला प्रत्येक वेळी ग्राहकाची मंजुरी. जून 2022 मध्ये ही मर्यादा 15 हजार झाली. नियम चांगला, ग्राहकाच्या हिताचा. पण आपल्यापैकी कितीतरी जणांच्या खात्याला नंबर वडिलांचा! सूचना जाते शेतात आणि वर्गणी तुटते हॉस्टेलवर.

मग कंपन्यांनी करावं काय? माझ्या मते चार गोष्टी. एक, 05 आला म्हणून लगेच पुन्हा पुन्हा कार्ड मारू नये. व्हिसानेही अशा पुनर्प्रयत्नांना 30 दिवसांत 15 ची मर्यादा घातली आहे. दोन-चार दिवसांनी, वेळ बदलून प्रयत्न करावा. दोन, ग्राहकाला साध्या मराठीत सांगावं : 'बँकेने कारण कळवलेलं नाही. तुमच्या खात्यात पैसे नाहीत असा याचा अर्थ नाही. दुसरं कार्ड किंवा यूपीआय वापरून बघा.' यूपीआय ऑटोपे तर 2020 पासून आहे. तीन, आठवडाभर तरी सेवा चालू ठेवावी. चार, कार्ड हरवल्याचा किंवा चोरीचा कोड असेल तिथे मात्र थांबावं. तिथे दयामाया नको.

कुणी म्हणेल, फुकटे याचा फायदा घेतील. घेतीलही थोडे. पण त्यांच्यासाठी प्रामाणिक गिऱ्हाईकाला दारातून हाकलणं हा कुठला धंदा? मेसच्या काकांचेही कुणी एखाद्या महिन्याचे बुडवले असतील, तरी मेस चालूच आहे ना!

आता हे लिहितोय कारण उद्या ही सॉफ्टवेअरं आपणच लिहिणार आहोत. फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये पेमेंटचं पान करताना आपण पैसे भरल्याचं हिरवं चिन्ह मन लावून काढतो आणि नकारासाठी 'एरर' एवढंच टाकून मोकळे होतो. तेवढी एक ओळ नीट लिहू या. समोर रात्री दोन वाजता आपल्यासारखंच कुणीतरी बसलेलं असेल.