गिऱ्हाईक उंबऱ्यात उभे आहे

आज धनत्रयोदशी. दारोदारी आकाशकंदील लागले आहेत, उद्या पहाटेच्या अभ्यंगस्नानाची सिद्धता घरोघरी चालू आहे, आणि पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यापासून मुंबईच्या दादरपर्यंत, कोल्हापूरच्या महाद्वार रस्त्यापासून नागपूरच्या सीताबर्डीपर्यंत साऱ्या कापडबाजारात पाऊल ठेवावयास जागा उरलेली नाही. वर्षभर स्वतःची गरज पुढे ढकलीत राहणारी माणसेही या चार दिवसांत नव्या वस्त्राला हात लावतात. मुलांना नवे कपडे, भाऊबीजेला बहिणीच्या ओवाळणीच्या ताटात लुगडे वा साडी, वृद्ध मातापित्यांना धोतरजोडी किंवा मऊ सुती पातळ. आमच्या या सणात देवाच्या नैवेद्याइतकेच माणसाच्या अंगावरच्या वस्त्राला महत्त्व आहे. असे असताना हे वस्त्र जेथे मिळते त्या दुकानाच्या उंबऱ्यात गिऱ्हाइकाची जी संभावना होते, तिच्याविषयी आजच्या दिवशी चार शब्द लिहिणे अप्रस्तुत ठरू नये.

गेल्या आठवड्यात अशाच एका मोठ्या दुकानात आम्ही उभे होतो. घरकाम करणारी असावी अशी एक स्त्री, दहाएक वर्षांच्या मुलीचे बोट धरून आत आली. दर्शनी काचेतील मोरपंखी रंगाची, रुंद काठाची साडी तिला पाहावयाची होती. विक्रेत्याने तिच्या पायांतील चपलांकडे पाहिले आणि जागचे न हलता सांगितले, ‘‘मावशी, तो माल तुमचा नव्हे. खाली तळघरात सेल लागलाय, तिकडे बघा.’’ तिने हातातील कापडी पिशवी जरा घट्ट धरली. पैसे होते, हे त्या धरण्यावरूनच दिसत होते. ‘‘नुसती दाखवा तरी,’’ ती म्हणाली. ‘‘दाखवून काय करू? मोडलेली घडी मलाच घालावी लागते,’’ असे उत्तर आले. तेवढ्यात मोटारीतून उतरलेले एक जोडपे आत शिरले. त्यांच्यापुढे, आम्ही मोजल्या म्हणून सांगतो, अठरा साड्यांच्या घड्या उलगडल्या गेल्या, त्यांच्यासाठी चहाची विचारपूस झाली, आणि अखेरीस ‘पुन्हा येऊ’ असे सांगून ती मंडळी काहीच न घेता निघून गेली. ती स्त्री त्यापूर्वीच गेली होती. जाताना मुलीने मात्र मागे वळून काचेकडे पाहिले. आम्ही त्या वेळी गप्प राहिलो, ही कबुलीही येथेच दिलेली बरी.

‘मावशी’ हा आपल्या भाषेतला किती जिव्हाळ्याचा शब्द! परंतु दुकानाच्या फळीपलीकडून तो उच्चारला जातो तेव्हा त्यात नाते नसते, मोजमाप असते. एकीला मावशी, दुसरीला मॅडम. हा भेद चप्पल, पिशवी आणि पदर पाहून क्षणार्धात केला जातो, आणि ज्यांच्या वाट्याला तो येतो त्यांना तो क्षणार्धातच कळतो. मराठी भाषा या बाबतीत मोठी चतुर आहे. तिने ‘गिऱ्हाईक’ या शब्दाला दोन अर्थ देऊन ठेवले आहेत. माल घेणारा तो गिऱ्हाईक, आणि चारचौघांत ज्याची टवाळी होते त्याचेही ‘गिऱ्हाईक केले’ असेच आपण म्हणतो. हे दोन अर्थ एका शब्दात कसे नांदू लागले हे शब्दशास्त्रज्ञांनी सांगावे. सणासुदीच्या दिवसांत कापडबाजारातून फिरून आलेल्या सामान्य माणसाला त्याचे फारसे नवल वाटणार नाही.

पूर्वी असे नव्हते, असे म्हणण्याची या ठिकाणी प्रथा आहे. गादीवरची पांढरीशुभ्र चादर, लोडाला टेकून बसलेले शेठजी, समोर फेकलेला ताग्यावर ताग्यांचा ढीग, वाराने वा मीटरने मापताना वर दोन बोटे अधिक सोडणारा मुनीम आणि मुलांच्या हातावर ठेवलेली पेपरमिंटची गोळी, हे सारे चित्र रम्य आहे आणि ते खोटेही नाही. परंतु तो पाहुणचार ज्यांचे खाते होते, ज्यांच्या घराण्याची ओळख होती, त्यांच्यासाठी होता. ज्यांना त्या गादीवर बसा असे कधी कोणी म्हटले नाही आणि ज्यांनी पायरीखाली उभे राहूनच कापड पसंत केले, अशांची संख्या या महाराष्ट्रात थोडी नव्हती. तेव्हा जुन्या काळाचे गोडवे गाऊन आजचा प्रश्न सुटणारा नाही. आणि पुण्यापुरते बोलावयाचे तर, दुकानदाराच्या फटकळपणाचे आणि त्याच्या पाट्यांचे जे कौतुक होते त्यातही आम्ही मनापासून सहभागी होऊ शकत नाही. ‘चौकशी करू नये’ किंवा ‘उगाच घड्या मोडू नयेत’ अशा पाटीचे हसू ज्याच्याजवळ दुसऱ्या दुकानात जाण्याची ऐपत आहे त्यालाच येते.

नव्या, वातानुकूलित, बहुमजली दालनांत उद्धटपणा कमी झाला आहे, हे मान्य केले पाहिजे. तेथे कोणी कोणास तळघराची वाट दाखवीत नाही. ज्याने त्याने हँगरवरचा कपडा काढावा, अंगाला लावून पाहावा आणि पैसे भरण्याच्या रांगेत उभे राहावे. संकोची माणसाला ही मुभा मोठी आहे, आणि एखादी मोलकरीणही तेथे रेशमाला निःशंकपणे हात लावू शकते. परंतु त्या दालनांत उद्धटपणाची जागा उदासीनतेने घेतली आहे. हे कापड सुती की मिश्र, रंग पक्का की कच्चा, पहिल्या धुण्यात किती आटेल, याचे उत्तर देणारा माणूस शोधूनही सापडत नाही. कारण जो उभा असतो तो ठेकेदाराने चार महिन्यांसाठी पाठविलेला असतो आणि त्याला घड्या घालण्यापलीकडे काहीही शिकविलेले नसते. कपडे घालून पाहण्याच्या खोलीपुढे अर्ध्या तासाची रांग, आणि पैसे घेताना प्रथम मोबाइल क्रमांकाची मागणी! हा क्रमांक दिल्याखेरीज पावती निघणार नाही, असे ग्राहकाला सांगणे अयोग्य असल्याची सूचना केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्ये दिली होती. ती सूचना अनेक गल्ल्यांपर्यंत पोहोचलेली दिसत नाही. पिशवीचेही तसेच. ग्राहकाला आधी न सांगता, पैसे भरण्याच्या वेळी पिशवीचे निराळे मोल लावणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये दिला आहे.

आता त्या सुप्रसिद्ध पाटीकडे वळू. ‘एकदा विकलेला माल परत घेतला अगर बदलून दिला जाणार नाही.’ बहुतेक दुकानांत ती गजाननाच्या तसबिरीशेजारीच लावलेली असते. जणू तिलाही तेवढेच पावित्र्य आहे! वस्तुस्थिती अशी की, १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला असून, सदोष माल परत घेण्यास व पैसे परत देण्यास नकार देणे ही त्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. पावतीवर मुदत छापलेली असेल तर त्या मुदतीत, आणि नसेल तर तीस दिवसांत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पावती न देणे हीदेखील तशीच प्रथा. मात्र येथे ग्राहकांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कायद्याचे हे संरक्षण सदोष मालाला आहे. कापड विरलेले निघाले, रंग उतरला, शिवण उसवली तर दुकानदाराला पाटीकडे बोट दाखविता येणार नाही. परंतु घरी गेल्यावर नणंदेला रंग आवडला नाही, ही तक्रार मालाच्या दोषात बसत नाही. अशा वेळी बदलून देणे हे दुकानदाराचे सौजन्य असते, आणि ते त्याने आधी कबूल केले असेल तर ते कर्तव्यही ठरते.

या हक्कांसाठी महाराष्ट्राने काही केले नाही असे नव्हे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, आणि पाठोपाठ १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. देशात ग्राहकासाठी स्वतंत्र कायदा होण्यापूर्वीची ही अकरा-बारा वर्षे. शेजारच्या चार कुटुंबांनी एकत्र येऊन माल घाऊक आणावा आणि आपसांत वाटून घ्यावा, हा मुंबईच्या पंचायतीचा साधा मार्ग पुढे हजारो घरांनी अनुसरला. आज तर पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस जिल्हा आयोगात शुल्कही पडत नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार गुदरता येते. १९१५ या क्रमांकावर दूरध्वनी करून राष्ट्रीय मदतकेंद्राकडेही दाद मागता येते. पण साडीची काठ-पट्टी उसवली तर ज्या आयोगाकडे जाता येते, त्याच आयोगापुढे ‘मला साडी दाखविली नाही’ ही तक्रार घेऊन कोण जाईल? त्या मोरपंखी साडीचा दावा कोणत्या कलमाखाली बसवावा? कायदा मालाचा दोष मोजतो. उंबऱ्यात झालेला पाणउतारा मोजण्याचे माप त्याच्यापाशी नाही.

म्हणूनच आम्ही त्या विक्रेत्याला पुन्हा भेटलो. दुकान बंद होण्याच्या सुमारास, रस्त्याच्या कडेला चहा पिताना तो मोकळेपणाने बोलला. सकाळी दहापासून तो उभाच होता. दुपारी भाकरी खाण्यास मिळालेली वीस मिनिटे वगळता त्याने पाठ टेकली नव्हती. दिवसाकाठी किती घड्या मोडल्या आणि त्यांतून किती साड्या विकल्या याचा हिशेब मालक रात्री विचारतो, आणि विक्रीवरच त्याची वरकड मिळकत ठरते. ‘‘साहेब, समोर आलेलं माणूस घेणार की नाही, हे मला दोन मिनिटांत ठरवावं लागतं. चुकलो तर माझे पैसे जातात,’’ तो म्हणाला. त्याने केलेला अपमान यामुळे क्षम्य ठरतो असे आमचे म्हणणे नाही. मोटारीतून आलेल्या जोडप्याविषयीही तो चुकलाच होता, आणि तिकडे मात्र अठरा घड्या मोडताना त्याला मालकाची आठवण झाली नव्हती. तथापि त्याच्या तुसडेपणाचे मूळ केवळ त्याच्या स्वभावात शोधून भागणार नाही. ते मालकाच्या हिशेबाच्या वहीतही शोधले पाहिजे.

केरळात ते शोधले गेले. कोझिकोडच्या मिठाई तेरुवू या कापडपेठेत दुकानांतून काम करणाऱ्या स्त्रियांना दिवसभर बसण्याची मुभा नव्हती. गिऱ्हाईक नसतानाही नव्हती. भिंतीला टेकले तरी बोलणी खावी लागत. विजी पेनकूट्टु यांच्या पुढाकाराने या स्त्रिया संघटित झाल्या, आधी स्वच्छतागृहाची आणि मग बसण्याच्या हक्काची मागणी घेऊन वर्षानुवर्षे झगडल्या, आणि २०१८ मध्ये त्या राज्याने दुकानांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती करून नोकरांना बसण्याची सोय देणे मालकावर बंधनकारक केले. तमिळनाडूनेही २०२१ मध्ये तोच मार्ग स्वीकारला. ज्याचे पाय सकाळपासून ठणकत आहेत त्याने प्रत्येक गिऱ्हाइकापुढे प्रसन्न मुद्रेने उभे राहावे, ही अपेक्षा आमच्या व्यापाऱ्यांनी कोणत्या आधारावर धरली आहे? गल्ल्यामागे गांधीजींच्या नावाने ग्राहकाची थोरवी सांगणारे वचन चौकटीत लावलेले असते. ते वचन खरोखर गांधीजींचे आहे की नाही याविषयीच जाणकारांना शंका आहे. परंतु असेल तरी, त्या चौकटीपेक्षा फळीमागे एक स्टूल ठेवण्यास खर्च फारसा अधिक येणार नाही. त्यासाठी मुंबईत विधिमंडळाचे अधिवेशन भरण्याची वाट पाहावी असेही नाही.

ग्राहकांच्या बाजूनेही सारे आलबेल नाही. केवळ वेळ जात नाही म्हणून ढिगांचे ढीग उपसावयास लावणारे, लग्नात नेसून झाल्यावर साडी ‘नको होती’ म्हणून परत आणणारे, विक्रेत्याला ‘ए’ म्हणून हाक मारणारे आणि रात्री दुकानाचे दार अर्धे ओढल्यावर आत शिरणारे महाभाग आम्ही रोज पाहतो. यांतील बहुतेकांशी विक्रेता गोडच बोलतो, कारण त्यांच्या पायांत चपला चांगल्या असतात. त्यांच्यावरचा राग तो काढतो तो मागाहून येणाऱ्या, पिशवी घट्ट धरलेल्या माणसावर.

परवा लक्ष्मीपूजन. दुकानादुकानांतून नव्या वह्यांची पूजा होईल, पहिल्या पानावर कुंकवाने ‘शुभ’ आणि ‘लाभ’ लिहिले जाईल. त्याच पाटावर, आपल्या रीतीप्रमाणे, नव्या केरसुणीलाही हळदकुंकू वाहिले जाईल. घरोघरी केरसुणी हाती धरणाऱ्या ज्या स्त्रीला त्या दिवशी साडी दाखविली गेली नाही, ती आपली दिवाळीची बक्षिसी घेऊन दुसऱ्या एखाद्या दुकानात गेली असेल अशी आशा आम्ही करतो. ती मोरपंखी साडी काल सायंकाळपर्यंत काचेतच होती. येत्या दोन दिवसांत त्या दुकानाचे दार रात्री अकरापर्यंत उघडे राहील. ते ओढून घेतल्यावर तो विक्रेता, त्याच्याच शब्दांत सांगावयाचे तर, आपल्या धाकट्या मुलासाठी सदरा घेण्यास निघेल. त्या वेळी जे दुकान उघडे सापडेल तेथे.