कुसळ आणि मुसळ

दुसऱ्याच्या डोळ्यांतील कुसळ आणि आपल्या डोळ्यांतील मुसळ ही जोडी मराठी माणसाच्या कानीं बायबल उघडण्यापूर्वींच, घरांतच, पडलेली असते. मराठी बायबलांत मत्तयाच्या सातव्या अध्यायांत तीच जोडी आली आहे, व ती इतकी चपखल बसली आहे कीं, येशूचा तो उपदेश आपल्या आजीनेंच केला असावा असें वाटावें. परंतु जें फार ओळखीचें, त्याचा अर्थ लावण्याचा आपणांस आळस असतो. दुसऱ्याचा न्याय करूं नये या आज्ञेचें तसेंच झालें आहे. एक वर्ग ती खुशाल मोडतो. दुसरा तिच्या आड दडतो.

मोडणारांचें उदाहरण आम्हां छत्रपती संभाजीनगरच्या लोकांस दूर शोधावयास नको. जालना १९८१ पर्यंत आमच्याच, म्हणजे त्या वेळच्या औरंगाबाद जिल्ह्यांत होतें. त्या जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रि यांनीं एकोणिसाव्या शतकांत बेथेल नांवाची ख्रिस्ती वस्ती वसविली. मांग-महार समाजांतील माणसें त्यांच्या उपदेशानें ख्रिस्ती झालीं. तीं कां झालीं? आमचा सुशिक्षित गृहस्थ चहाचा पेला खालीं ठेवण्याच्या आंतच निकाल देतो : पोटासाठीं! एकादशीखेरीज ज्यानें उपास काढला नाहीं, त्यानें दुसऱ्याची भूक पुराव्यादाखल पुढें करावी, यापरतें मुसळ तें कोणतें? आणि भूक असलीच तर? गांवच्या विहिरीला शिवूं न दिलेल्या माणसाच्या मनांत भूक किती, अपमान किती आणि श्रद्धा किती, हें तोळ्यामाशानें तोलण्याचा कांटा कोणाजवळ आहे? कृत्य दिसतें, हेतु दिसत नाहीं. आणि आमचे निकाल मात्र नेमके हेतूवरच!

ख्रिस्ती मंडळींनींही येथें फार संतुष्ट होऊं नये. १८४३ सालीं याच नारायणरावांचा धाकटा भाऊ श्रीपत मुंबईंत मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला. अजाण मुलगा! वडिलांनीं न्यायालयांत दाद मागितली व मुलगा त्यांच्या स्वाधीन झाला. मिशनऱ्यांच्या शास्त्राप्रमाणें तो अंधारांत परत गेला. कर्मठांच्या शास्त्राप्रमाणें तो परधर्मीयांचें अन्न खाऊन कायमचा बाटला. निकाल दोन्हीकडे तयार होते. पोराचें पुढें काय, हा प्रश्न कोणत्याच निकालांत नव्हता. तो ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांस पडला. प्रायश्चित्त देऊन मुलास जातींत परत घ्यावें म्हणून त्यांनीं खटपट केली व स्वजातीयांचा रोष पत्करला. त्या प्रकरणांत मत्तयाचा सातवा अध्याय जर कोणीं आचरिला असेल, तर तो बाप्तिस्मा न घेतलेल्या या ब्राह्मण पंडितानें. आमच्या कांहीं ख्रिस्ती मित्रांस हें रुचणार नाहीं. त्यास इलाज नाहीं.

आतां आड दडणारे. मंडळीच्या जमाखर्चाची चौकशी करा, किंवा ख्रिस्ती घरांतही सोयरीक जमवितांना जुनी जात कां निघते असें विचारा. तत्काळ उत्तर मिळतें कीं, न्याय करूं नये अशी प्रभूची आज्ञा आहे! ही त्या वचनाची उघड चोरी होय. दृष्टान्ताचा शेवट पुन्हां वाचावा. भावाच्या डोळ्यांतील कुसळ तसेंच राहूं द्यावें, असें येशू कोठेंही म्हणत नाहीं. आपलें मुसळ आधीं काढावयाचें, तें त्याचें कुसळ काढण्यापुरतें नीट दिसावें म्हणून. कुसळ सलतें, तें काढलेंच पाहिजे. मात्र तें न्यायासनावर बसून निघत नाहीं. त्यासाठीं माणसाच्या अगदीं जवळ जावें लागतें, त्याची हनुवटी हातांत धरावी लागते, आणि आपला हात कांपूं देऊन चालत नाहीं.

बेथेलच्या लोकांविषयीं निकाल देणाऱ्या त्या गृहस्थांस आम्हीं परवां विचारलें, “तिकडच्या एका तरी ख्रिस्ती घरीं आपण कधीं पाणी प्यालांत काय?” जालन्यास त्यांचें नेहमीं जाणेंयेणें असतें, परंतु तसा प्रसंग आला नाहीं, असें ते म्हणाले.