नवा मावा : आधीं ओळख, मग औषध

गेल्या हंगामांत आमच्या मासवण गांवीं सूर्या नदीकांठच्या एका शेतकरी बंधूनें वालाचा एक शेंडा आमच्यापुढें आणून ठेवला, आणि “हा मावा कोणता? यावर औषध कोणतें?” असे दोन प्रश्न एका दमांत विचारले. अशा वेळीं आपण सर्वचजण दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आधीं शोधूं लागतों. पहिल्याचें उत्तर न मिळालें तरी आपलें कांहीं अडत नाहीं, अशी आपली समजूत असते. ही समजूत चुकीची असून तिच्यापायीं शेतकऱ्याचा पैसा व पीक या दोहोंचाही नाश होतो, असें आमचें मत आहे. तें सकारण मांडावें, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

आम्ही कीटकशास्त्राचे पंडित नव्हे. शिक्षण मराठी शाळेचें, आणि सारी हयात महसूल खात्याच्या कारकुनींत गेली. परंतु त्या चाकरीनें एक गोष्ट मनावर पक्की ठसविली. सर्व्हे नंबर एक आणि हिस्सा नंबर भलताच लिहिला गेला, तर पुढील सारा व्यवहार, मग तो किती का प्रामाणिक असेना, चुकतोच. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर जसें धारकाचें नांव आणि त्यांतील पीक हीं दोन्ही लागतात, तसेंच किडीच्या बाबतींत किडीचें नांव आणि ती ज्या झाडावर नांदते त्या झाडाचें नांव, हीं दोन्ही लागतात. एक असून दुसरें नसेल, तर तो उतारा अपुरा होय.

मावा म्हणजे एकच कीड नव्हे, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. जगांत माव्याच्या सुमारें पांच हजार जाति शास्त्रज्ञांस ठाऊक आहेत. हा कीटक बहुधा एक ते तीन मिलिमीटर लांबीचा, मऊ अंगाचा असून सुईसारखी सोंड पानांत खुपसून रस शोषतो. आपल्याकडील उष्ण हवेंत बहुतेक जातींची मादी नराशिवायच, आणि अंडीं न घालतां थेट पिलेंच प्रसवते. तीं पिलें आठपंधरा दिवसांत स्वतः प्रसवूं लागतात. शेंड्यावर गर्दी झाली, कीं कांहींना पंख फुटतात व तीं दुसरें झाड गांठतात. सांडलेल्या गोड चिकट्यावर मुंग्या जमतात, पानांवर काळी बुरशी चढते. एवढें सर्व जातींत थोडेंफार सारखें आहे. परंतु कोणती जात कोणत्या झाडावर जगते, याबाबत मात्र त्यांच्यांत फार मोठा भेद आहे. कापसावरचा मावा भेंडी, काकडी, भोपळा अशा अनेक घरीं पाहुणचार घेतो; उलट कांहीं जाति एकाच कुळांतील झाडांवांचून कोठेंही जगत नाहींत. म्हणून माव्याचें घर कळलें, म्हणजे आपल्या कोणत्या पिकास भय आहे व कोणत्यास नाहीं, हें अर्धे अधिक कळतें.

शास्त्रज्ञ एखाद्या माव्याचें वर्णन नवी जात म्हणून प्रसिद्ध करतो, तेव्हां तो काय करतो, हें आपण शेतकऱ्यांनीं जाणून घेण्यासारखें आहे. तो किडा औषधांत स्वच्छ करून कांचेच्या पट्टीवर पारदर्शक डिंकांत कायमचा बसवितो. सूक्ष्मदर्शकाखालीं शृंगिकांचे सांधे, सोंडेचा शेवटचा भाग, पोटाच्या मागील बाजूच्या दोन नळ्या व शेपटीचें टोंक यांचीं मापें घेतो. एक नमुना त्या नांवाचा मूळ दाखला म्हणून ठरवून संग्रहालयांत ठेवतो. आणि त्या वर्णनांत ठिकाण, तारीख व यजमान झाड हीं नोंदवितो. प्राध्यापक दि. ना. रायचौधुरी यांनीं १९८० सालीं ईशान्य हिंदुस्थान व भूतान येथील माव्यांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तशा ग्रंथाचें मोलही प्रत्येक जातीपुढें झाडाचें नांव लिहिलेलें असतें, यांतच मोठ्या अंशीं आहे.

झाडाच्या नांवानें काय साधतें, याचें एक उदाहरण आपल्या वसई-पालघरच्या वाडीवाल्यांना जवळचें वाटेल. केळीच्या पोग्यांत व खुंटाशीं काळपट मावा असतो. तो पर्णगुच्छ रोगाचें विष एका केळीवरून दुसरीवर नेतो. अगदीं तसाच दिसणारा मावा अळू व वेलदोडा यांवरही आढळतो. याला १९१७ सालीं वेगळें नांव दिलें गेलें होतें, परंतु पुढें बहुतेक जण दोहोंस एकच समजूं लागले. २०१० सालीं शरीराचीं मापें व आनुवंशिक द्रव्य तपासून ह्या दोन भिन्न जाति असल्याचें दाखविण्यांत आलें. केळीचा मावा केळीच्या कुळांत राहतो, अळूचा मावा अळू व आल्याच्या कुळांत. नुसत्या डोळ्यांनीं जें दिसलें नसतें, त्याचा पहिला पुरावा झाडानेंच दिला होता.

आतां एक उदाहरण परदेशाचें. सुमारें १८६० नंतरच्या दशकांत फ्रान्स देशांतील द्राक्षमळे वाळूं लागले. कोणी जमिनीस दोष दिला, कोणी हवेस. १८६८ सालीं प्लांशॉन नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानें व त्याच्या सोबत्यांनीं मेलेल्या वेलीऐवजीं जिवंत वेलीचीं मुळें उकरून पाहिलीं, तों त्यांवर माव्याच्या जवळच्या नात्यांतील बारीक पिंवळे कीटक सांपडले. त्यांना फिलॉक्सेरा म्हणतात. ही कीड अमेरिकेंतील रानटी द्राक्षवेलींवरचीच असून तेथील वेलीचीं मुळें तिला दाद देत नाहींत, असें पुढें ठरलें. तें ठरतांच इलाजही सांपडला : अमेरिकन वेलीच्या खुंटावर फ्रेंच वेलीची डोळाभरणी किंवा कलम करणें. औषधांचे डबे ओतून जें साधलें नाहीं, तें किडीचें मूळ घर ओळखल्यानें साधलें. नाशिककडील आपले द्राक्षबागाईतदार आज खुंटावर कलमें करतात, तीं मुख्यत्वें क्षारांच्या व पाण्याच्या ताणाच्या कारणासाठीं. परंतु खुंट बदलून वेल वांचविण्याची रीत जगभर रुजली ती याच संकटामुळें.

आपल्या महाराष्ट्राचें उदाहरण तर ताजें आहे. २००२ सालच्या जुलै महिन्यांत सांगली जिल्ह्यांतील उसाच्या पानांच्या खालच्या बाजूस, मधल्या शिरेच्या दोहों बाजूंनीं, पांढरी लोकर पसरलेली दिसूं लागली. लोकरी मावा हाच. शेतकऱ्यांस तो अगदीं नवा. परंतु शास्त्रास नवा नव्हता. जावा बेटांत उसावर काम करणाऱ्या लिओ झेंटनर यानें १८९७ सालींच त्याचें वर्णन करून ठेविलें होतें, आणि बंगाल व ईशान्येकडील प्रांतांतून त्याची नोंदही झालेली होती. महाराष्ट्रांतून तो कर्नाटकांत गेला व उसाचें मोठें नुकसान झालें. पण नांव आधींच लागलेलें असल्यामुळें तो दुसरीकडे कोठें राहतो व त्याला तेथें कोण खातें, हें शोधणें सोपें झालें. डिफा नांवाच्या पतंगाची अळी व मायक्रोमस हा जाळीदार पंखांचा कीटक त्याला फस्त करतात; आसामकडील उसांत एन्कार्सिया नांवाचा अति बारीक परोपजीवी कीटक त्याच्या अंगांत अंडीं घालतो. हे मित्रकीटक वाढवून व त्यांनीं भरलेलीं पानें एका फडांतून दुसऱ्या फडांत नेऊन या संकटाचा जोर पुष्कळ कमी करण्यांत आला. जेथें फवारणीनें मित्र आधीं मेले, तेथें मावा पुन्हां उसळला, हा धडा त्यावेळीं अनेकांनीं पैसे मोजून घेतला.

तो धडा आम्हींही घेतला आहे, आणि तो सांगण्यांत आम्हांस संकोच वाटत नाहीं. चार वर्षांपूर्वीं भाताच्या ओलीवर टाकलेल्या आमच्या कडव्या वालाच्या फुलोऱ्यावर काळा चकचकीत मावा आला. आम्ही पहिल्याच दुकानीं गेलों. विक्रेत्यानें शेंडा हातींही न घेतां एक बाटली पुढें सरकविली. दोन फवारण्या झाल्या. मावा चार दिवस नाहींसा झाला आणि पांचव्या दिवसापासून पुन्हां दिसूं लागला. ढालकिडे व त्यांच्या करड्या अळ्या, ज्या आधीं प्रत्येक शेंड्यावर दिसत, त्या मात्र परत आल्या नाहींत. हिरवळीच्या खतासाठीं बांधावर आम्हींच लावलेल्या गिरिपुष्पाच्या कोवळ्या फुटींवर तसाच काळा मावा लडबडला होता, हें पुढें सहज फिरतांना दिसलें. वाल, चवळी व भुईमूग यांवर येणारा हा काळा मावा गिरिपुष्पावरही जगतो, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. घर बांधावर आणि आम्ही झोडपीत होतों तें अंगण! गिरिपुष्पाची ती फूट वेळींच छाटून जमिनींत गाडली असती, तर खतही झालें असतें आणि वालही वांचला असता. त्या सालीं आमच्या घरीं वाल विकत आणावे लागले.

यावर कोणी म्हणेल, “शास्त्रज्ञाचें उत्तर येईपर्यंत पीक थांबेल काय?” आक्षेप रास्त आहे. थांबूं नये, पण पहिल्या दिवशीं करावयाचें काम विषाचें नसावें. फार भरलेले शेंडे खुडून नष्ट करावे. निंबोळीची ५ किलो पूड थोड्या पाण्यांत रात्रभर भिजवून, गाळून, त्याचें १०० लिटर पाणी करावें व संध्याकाळच्या वेळीं पानांच्या खालच्या बाजूस पोंचेल असें फवारावें. यानें मित्रकीटकांस रासायनिक विषाच्या मानानें फार थोडा उपद्रव होतो व चार दिवसांची सवड मिळते. त्या चार दिवसांत ओळख करून घ्यावी. पुढें कडक औषध वापरण्याचीच वेळ आली, तर तें कोणत्या किडीसाठीं व कोणत्या पिकावर शिफारस केलेलें आहे, हें पाहून वापरतां येईल.

दुसरा आक्षेप असा, कीं आतां प्रत्येकाच्या खिशांत छायाचित्र काढणारा दूरध्वनि आहे. एक चित्र पाठविलें कीं काम झालें. छायाचित्र अवश्य काढावें, परंतु शृंगिकेचे सांधे व पोटावरच्या नळ्यांचीं मापें त्यांत येत नाहींत. नमुनाच द्यावा लागतो. त्याची रीत अशी : लहान बाटलींत सुमारें सात भाग स्पिरिट व तीन भाग पाणी घालून, ओल्या कुंचल्यानें पंखांचे व बिनपंखांचे दोन्ही प्रकारचे मावे तींत सोडावे. कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीनें गांव, तारीख, झाडाचें नांव व झाडाचा कोणता भाग तें लिहून ती चिठ्ठी बाटलीच्या आंतच घालावी, कारण शाईचे अक्षर स्पिरिटांत विरघळतें. झाड ओळखीचें नसेल, तर फुलाफळासह त्याची डहाळी वर्तमानपत्रांत दाबून सोबत द्यावी. आपल्या जिल्ह्यांत कोसबाड येथें कृषि विज्ञान केंद्र आहे, पालघर येथें कोंकण कृषि विद्यापीठाचें संशोधन केंद्र आहे. तेथून पुढें बंगळूर येथील राष्ट्रीय कृषि कीटक संसाधन ब्यूरोकडे किडा, व पुणें येथील भारतीय वनस्पति सर्वेक्षणाच्या केंद्राकडे झाड, ओळखीसाठीं जाऊं शकतें.

झाडाच्या नांवाविषयीं आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. आपण जमीनधारक शेतकरी पिकें ओळखतों, पण बांधावरचें व रानांतलें झुडूप दाखविलें कीं “कसलें तरी रानटी” म्हणून मोकळे होतों. आपल्याच शेतावर कामास येणारे वारली, मल्हार कोळी व कातकरी बंधु मात्र त्या झुडुपाचें नांव, फुलण्याचा महिना व त्याचा उपयोग घडाघड सांगतात. नवी कीड बहुधा अशाच दुर्लक्षित झुडुपावर आधीं सांपडते. तेव्हां त्यांना विचारण्यांत कमीपणा मानूं नये, आणि चिठ्ठीवर त्यांनीं सांगितलेलें नांव जसेंच्या तसें लिहावें. शास्त्रीय नांव शास्त्रज्ञ लावील.

पूर्वीं पीकपाहणी तलाठी करीत असे व शेतकरी बांधावर उभा राही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यांत ई-पीक पाहणी सुरू होऊन आपल्या शेतांतील पिकाची नोंद आपणच करूं लागलों आहों. जो शेतकरी आपलें पीक नोंदवूं शकतो, तो त्यावरची कीडही नोंदवूं शकेल. आमची सूचना अशी आहे, कीं आपल्या संघाच्या प्रत्येक गांवीं एक साधी वही ठेवावी. तींत तारीख, शेत, झाड, किडीचें रूप, मित्रकीटक दिसले कीं नाहीं, काय केलें व पुढें काय झालें, एवढे सात रकाने असावे. सोबत स्पिरिटाच्या दहा बाटल्या ठेवाव्या. या सगळ्याचा खर्च औषधाच्या एका बाटलीहून अधिक होणार नाहीं. तीन चार वर्षें ही वही नीट राहिली, तर कोणता मावा कोणत्या झाडावरून केव्हां आपल्या वालावर उतरतो, हें आपल्याला दुकानदारास विचारावें लागणार नाहीं.

आमच्याकडे शेंडा घेऊन आलेल्या त्या बंधूस आम्हीं एवढेंच सांगितलें, “औषधाचें मागाहून पाहूं, आधीं तुमच्या बांधावर काय काय उगवलें आहे, तें दाखवा.” आम्ही दोघे बांधानें चालत गेलों. तिसऱ्याच झाडाशीं त्यांच्या प्रश्नाचें उत्तर मिळालें, आणि तें गिरिपुष्पच होतें. आपल्या सूज्ञ वाचकांनीं पुढील वेळीं दुकानाकडे वळण्यापूर्वीं आपल्या बांधावरून एक फेरी मारावी, इतकीच आमची विनंति आहे.